सातपैकी शून्य

आमच्या ह्यांचा कुणावरही विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही, औषधाच्या बाटलीवरच्या तारखेवर नाही, आणि लग्नाला सदतीस वर्षं झाली तरी माझ्यावरही नाही. भलता संशय नव्हे, तेवढं माझं नशीब धड आहे. पण मी म्हटलं की दाराला कडी घातली, तर हे उठून कडी ओढून बघणार. मी म्हटलं शेजारीण येऊन गेली, तर हे बेसिनमध्ये कप किती पडलेत ते बघून येणार. सुरुवातीला मी चिडायचे. मग रडले. मग हात टेकले आणि एक कप जास्तच विसळायला टाकायला लागले, बसा म्हटलं डोकं खाजवत.

खोडच आहे, पण ह्या खोडीचा त्यांना तेहतीस वर्षं पगार मिळाला. बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात ते चेकर होते. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा त्यांचं टेबल पाहिलं. वर दिवा, पुढ्यात मापायचं गेज, बाजूला तेलाने काळं झालेलं फडकं, आणि हे महाशय एकेका बोल्टाच्या आट्यांवरून अंगठा फिरवताहेत. हजार बोल्टांची पेटी आली की तिच्यातले ऐंशी काढायचे, तेही वरवरचे नाही, तळातले, कोपऱ्यातले. चांगले निघाले तर हिरवी चिठ्ठी, वाईट निघाले तर लाल. आणि कुणी घाईघाईत ऐंशीच्या जागी तीसच काढून दिले असतील, तर ते तीसच्या तीस सोन्यासारखे असले तरी हे हिरवी चिठ्ठी लावायचे नाहीत. पिवळी लावायचे. पिवळी म्हणजे थांबवा, अजून माहीत नाही. बाहेर ट्रक उभा, साहेब डोक्यावर उभा, तरी पिवळी म्हणजे पिवळीच. कारखान्यात ह्यांना सगळे चाळणी म्हणायचे. मुलीने लग्नासाठी एक मुलगा पसंत केला, तेव्हा त्याच्या फोटोवर ह्यांनी पिवळी चिठ्ठी डकवली होती. का, तर म्हणे दोनदाच भेटलाय. जावई तो किस्सा अजून चारचौघांत सांगतो आणि मला तोंड लपवायला जागा उरत नाही.

अशा माणसाला स्वतःच्या पोटाचा मात्र कधी संशय आला नाही. वजन उतरायला लागलं तर ह्यांनी वजनकाटा बदलला. नव्या काट्यावर आणखी दीड किलो कमी भरलं, तर दुकानदाराशी भांडून आले. जिना चढताना धाप लागायची, तर पायऱ्याच उंच आहेत म्हणे. तीस वर्षं त्याच पायऱ्या, त्या काय रोज वाढतात? शेवटी चेहरा पांढराफटक पडला तेव्हा मी आणि मुलाने धरून दवाखान्यात नेलं. रक्त निम्म्यावर आलेलं. दुर्बीण घालून तपासलं तर उजव्या बाजूला, मोठ्या आतड्यात गाठ. कॅन्सर. माझी तर पाचावर धारण बसली. हे मात्र तपासणीच्या कागदावरचा स्वतःच्या वयाचा आकडा एका वर्षाने चुकलाय तो दाखवत बसले होते.

ऑपरेशन नीट झालं. गाठीसकट आतड्याचा तुकडा आणि त्याला चिकटलेली चरबी काढली आणि सगळं प्रयोगशाळेत पाठवलं. दहाव्या दिवशी, घरी सोडायच्या वेळी, मुलगा रिपोर्ट घेऊन आला. दोन पानं होती. पहिल्यावर लिहिलं होतं की गाठ पूर्ण निघाली आहे, कडा स्वच्छ आहेत आणि चरबीतल्या लसिकाग्रंथींमध्ये रोग दिसत नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांनी पहिल्या पानावर नजर टाकली, छान आहे म्हणाले, सहा आठवड्यांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं. दुसऱ्या पानावर नुसते आकडे, बारीक इंग्रजी अक्षरं आणि तळाशी एक तिरकी टीप होती. मी आणि मुलाने एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही मनात एकच. हे पान जर ह्यांच्या हाती पडलं तर सहा आठवडे एकेक आकडा चावत बसतील आणि आपल्यालाही सुखाने जेवू देणार नाहीत. घरी येताच मी ते पान घडी करून शिलाई मशीनच्या खणात, अंथरलेल्या कागदाखाली सरकवलं. आम्ही वाईट काही लपवत नव्हतो हो. चांगली बातमी ह्यांच्या तावडीतून वाचवत होतो. ते पान आम्ही दोघांनीही वाचलं नाही, हे मी आता सांगते, तेव्हा कुणी विचारलं असतं तर वाचलं म्हणून सांगितलं असतं.

पहिलं पान ह्यांनी चष्मा लावून चारदा वाचलं आणि तो सबंध दिवस माणूस चक्क शीळ घालत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तर स्वयंपाकघराच्या दारात कागद घेऊन उभे. पानाच्या अगदी तळाशी बोट. तिथे छापलं होतं, पान १, एकूण २.

मी म्हटलं, दुसऱ्यावर काही नाही, नुसता दवाखान्याचा पत्ता आणि शिक्का. ते मुलाने टाकून दिलं. मला खोटं जमत नाही, माझे कान लाल होतात, आणि ह्यांना ते लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. ते माझ्या कानांकडे बघत राहिले. बरं म्हणाले. एवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात जे चाललं होतं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. हे काहीच विचारेनात. मुलाचा फोन आला आणि मी गॅलरीत गेले की मागून पावलं वाजायची. मुलगी माहेरी आली आणि तिने ह्यांना जरा जास्त वेळ मिठी मारली, तर ती गेल्यावर म्हणाले, हिला पण सांगितलंस वाटतं. शेजारचे काका सहज चौकशीला आले तर त्यांना दारातच विचारलं, तुम्हाला कुणी पाठवलं? मीही काही कमी नव्हते. हे बाथरूममध्ये गेले की मी मशीनचा खण चाचपून यायचे. चष्मा शोधताना खणाकडे वळले की मी आधीच जाऊन खणासमोर उभी राहायचे. एका घरात दोन माणसं, आणि दोघं एकमेकांवर पाळत ठेवून.

मग एक दिवस ह्यांनी मला बोलावलं आणि पाण्याच्या टाकीचा मुख्य नळ कसा बंद करायचा ते दाखवलं. मला वाटलं, असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी फ्यूज कसा बदलायचा ते. मला हाताने बदलायला लावला, पुन्हा काढून पुन्हा लावायला लावला. तिसऱ्या दिवशी घराची कागदपत्रं कुठल्या पिशवीत आहेत, कुठल्या किल्लीला कुठलं कुलूप. मी वैतागून म्हटलं, हे सगळं तुम्ही करता ना, मला कशाला? तर किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत हळूच म्हणाले, "माहीत असलेलं बरं."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस मरायची तयारी करत होता. माझ्या त्या लपवलेल्या पानावर काय लिहिलं असेल ते ह्यांनी मनातल्या मनात लिहून टाकलं होतं. मी उठले, मशीनचा खण ओढून काढला, कागद उपसला आणि त्यांच्या मांडीवर आपटला. घ्या, वाचा, म्हटलं, चांगलं लिहिलंय त्यात, मूर्खपणा केला मी, पण चांगलंच लिहिलंय. मी हसत होते आणि नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटायची वाट बघत उभी. वरून खाली एकेक ओळ बोटाने वाचत आले आणि मध्ये एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, तपासलेल्या ग्रंथी सात, त्यांतल्या रोग असलेल्या शून्य.

"सातच?" ते म्हणाले.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू. मी काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. शून्य आहे शून्य, म्हटलं, देवाने शून्य दिलं तरी तुम्ही त्याला विचारणार की मोजलंस का नीट. मग तळाची तिरकी टीप त्यांनी शब्दकोश काढून, एकेक शब्द लावून वाचली आणि मला सांगितली. बारापेक्षा कमी ग्रंथी मिळाल्या आहेत, त्यामुळे हा निष्कर्ष सावधपणे घ्यावा. तीन आठवडे ही ओळ माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली पडून होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत गेलो. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तळघरासारखी खोली, नाकाला झोंबणारा औषधाचा वास, काचेची खिडकी. तिथल्या डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. हातमोजे काढता काढता त्यांनी ह्यांच्या हातातला कागद पाहिला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. वकील आहात का, त्यांनी विचारलं. तक्रार करायची आहे का? ह्यांनी सांगितलं, बोल्ट तपासायचो. बाईंचा विश्वास बसला नाही. हे बाईंकडे संशयाने बघताहेत, बाई ह्यांच्याकडे, आणि मी मधे पिशवी पोटाशी धरून उभी.

मग ह्यांनी विचारलं की हे ग्रंथींचे दाणे शोधता कसे? यंत्राने?

बाईंनी बोटं वर केली. "ह्यांनी. चरबी चिमटीत धरून चाचपत जायचं. काही वाटाण्याएवढे असतात, ते कुणालाही लागतात. काही मोहरीएवढे. ते घाई केली की सुटतात."

"त्या दिवशी घाई होती?"

त्या दिवशी तेरा जणांचे नमुने आले होते, त्या म्हणाल्या. ह्यांची मान हलली. मला ती मान कळते. चूक कबूल करणारं माणूस भेटलं की ह्यांची मान अशी हलते, आणि ते फार क्वचित होतं.

त्यानंतर बाई स्टूल ओढून बसल्या आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं. आतड्यात गाठ आहे तोवर ती एका खोलीत आहे असं समजा. शेजारच्या ग्रंथींत तिचे कण पोचले की रोगाने उंबरा ओलांडला. ग्रंथी स्वच्छ असतील तर बऱ्याच जणांना ऑपरेशन पुरतं. एका जरी ग्रंथीत सापडला तरी ऑपरेशननंतर किमो द्यावी लागते, कारण मग तो आणखी कुठे बारीक रूपात दडून बसल्याची शक्यता वाढते. एक ते तीन ग्रंथींत असेल तर गोष्ट वेगळी, चार किंवा जास्त ग्रंथींत असेल तर आणखी अवघड. आणि ग्रंथी लहान आहे म्हणून ती निर्दोष, असं काही नसतं. काही माणसांत मुळात कमीच सापडतात, तेव्हा तुमच्या सात म्हणजे सातच असतील असंही होऊ शकतं. पण सातांत नाही म्हणजे कुठेच नाही, असं मी लिहिलेलं नाही, त्या म्हणाल्या.

ह्यांनी विचारलं, उरलेला नमुना कुठे आहे? बाईंनी वही काढली. रिपोर्ट दिल्यापासून महिनाभर बरणीत ठेवतात, मग नष्ट करतात. ओळीवरून बोट फिरवत गेल्या. ह्यांची बरणी येत्या सोमवारी जायची होती. तो गुरुवार होता. ह्यांनी ती उघडून पुन्हा चाचपायला सांगितली, आणि बाई हो म्हणाल्या.

चार दिवस. त्या चार दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून प्रार्थना केली की आमचे हे चुकलेले असू देत. त्यांचा संशय खोटा ठरू दे, मग मी जन्मभर त्यांना त्यावरून चिडवीन. मला सात हव्या होत्या, सत्तर हव्या होत्या, काय हव्यात तेवढ्या, पण पुढचं शून्य तसंच हवं होतं. हे मात्र जेवायला लागले होते. पोटभर नाही, पण वाढलेलं संपवत होते.

फोन माझ्या मोबाइलवर आला. बाईंनी स्वतः केला होता. आणखी नऊ सापडल्या, एकूण सोळा झाल्या. त्यांतल्या दोनांत रोग आहे. दोन्ही अगदी बारीक होत्या. मी हो म्हटलं, पुन्हा हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण आभार मानले नाहीत.

मुलगा तेव्हा घरीच होता. त्याने माझा दंड धरला आणि गॅलरीत नेलं. म्हणाला, बाबांना दोनाचं सांगू नकोस. सांगूया की सगळं स्वच्छ आहे, पण डॉक्टर खबरदारी म्हणून औषध देताहेत. उगाच खचतील. त्याचेही डोळे भरलेले होते, त्याला दोष नाही. क्षणभर मलाही ते बरं वाटलं. आत खुर्चीत तो माणूस बसलेला, त्याची पाठ दिसत होती, आणि कान आमच्याकडेच असणार हे मला माहीत होतं. मी मुलाला म्हटलं, एक कागद लपवून झाला माझा, आता दुसरा नाही.

मी आत गेले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, "सोळा सापडल्या. दोनांत आहे."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या कानांकडे नाही, तोंडाकडे. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. "म्हणजे चौदा चांगल्या," ते म्हणाले. "आता पटलं."

मला वाटलं झालं, हे ह्यांचं असंच. बातमी वाईट असली तरी चालेल, मोजणी बरोबर हवी. मी उठायला लागले तर त्यांनी माझं मनगट धरलं. बोल्टांवरून फिरून फिरून खरखरीत झालेला तो अंगठा माझ्या मनगटावरून फिरायला लागला.

"भीती वाटते गं," ते म्हणाले.

सदतीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. मला पण वाटते, म्हटलं. आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, मुलाने दिवा लावेपर्यंत.

त्याच आठवड्यात कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑपरेशन होऊन सहावा आठवडा चालू होता. डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढे, पण बोलणं मोजकं. तीन महिन्यांची किमो, दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून एक औषध आणि मधे गोळ्या. थंड पाण्यात हात घालायचा नाही, बोटांना मुंग्या येतील, काही जणांच्या बोटांची जाणीव बरेच महिने परत येत नाही. हे ऐकताना ह्यांनी अंगठा मुठीत मिटला. ह्यांनी सरळ विचारलं, शंभरातले किती? डॉक्टर म्हणाले, तुमच्यासारखे दोन ग्रंथींत रोग असलेले शंभर जण उपचार पूर्ण घेतात तेव्हा पाच वर्षांनी साधारण सत्तर जण असतात, ग्रंथी स्वच्छ असत्या तर आकडा आणखी वर असता. त्या सत्तरांत तुम्ही असाल की नाही ते मी सांगू शकत नाही. आणि समजा सात आणि शून्यावर विसंबून घरी बसला असता, तर किमो मिळालीच नसती, मग सत्तरही धरता आले नसते.

मग त्यांनी कागद चाळले आणि कपाळाला आठ्या पडल्या. किमो आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, त्यानंतर तिचा उपयोग कमी होत जातो, ते म्हणाले. आता रक्ताच्या तपासण्या, सलाइनची सोय, आपण अगदी काठावर आलोय. रिपोर्ट तर तुम्हाला दहाव्या दिवशी मिळाला होता. दुसऱ्या पानावर टीप स्पष्ट आहे. तीन आठवडे काय करत होता?

मुलगा खाली बघायला लागला. मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं. मी तोंड उघडलं.

"पान माझ्याकडेच होतं," हे म्हणाले. "वाचायचं राहिलं."

डॉक्टरांनी मान वर केली. ज्या माणसाने बरणी पुन्हा उघडायला लावली, त्याचं पान वाचायचं राहिलं, हे त्यांना पटत नव्हतं ते दिसतच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा ह्यांच्याकडे.

"राहिलं," हे पुन्हा म्हणाले, आणि टेबलाखाली माझा हात दाबला.

ट्रक दारात आणि साहेब डोक्यावर असतानासुद्धा ज्या माणसाने एका बोल्टाबद्दल खोटं लिहिलं नाही, तो माझ्या शेजारी बसून सरळ खोटं बोलत होता, आणि त्याला ते माझ्यापेक्षा किती तरी चांगलं जमत होतं. डॉक्टरांनी पेन उचललं आणि फायलीत लिहिलं की रुग्णाकडून दुर्लक्ष झालं. मी ते वाचलं, आणि तसंच राहू दिलं.